न्यूयॉर्कचं स्टायव्हसंट हायस्कूल: सरकारी शाळा आणि तिची ती परीक्षा

नांदुरकी

जूनच्या शेवटी लेकीची शाळा संपली. त्याच आठवड्यात पुण्याहून आत्यांचा फोन आला. कौतुक वगैरे झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे शेवटपर्यंत ती सरकारी शाळेतच होती ना गं?" त्या 'च'मध्ये सगळं आलं. आत्यांना फोनवर काय सांगणार, म्हणून इथे लिहिते आहे. लेख लांबला तर सांभाळून घ्या.

शाळेचं नाव स्टायव्हसंट हायस्कूल, इथली मुलं नुसतं 'स्टाय' म्हणतात. न्यूयॉर्क शहराची सरकारी शाळा. फी शून्य, रेल्वेचा पासही शहरच देतं. मुलं सुमारे ३३००. चार नोबेलवाले या शाळेतून गेलेत: लेडरबर्ग, हॉफमन, फोगेल आणि अॅक्सेल. गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारे पॉल कोहेनही इथलेच. हे आत्यांसाठी. खरी गंमत पुढे आहे.

१९०४ मध्ये ही शाळा निघाली ती मुलांना हातकाम शिकवण्यासाठी. फक्त मुलगे. पूर्व २३व्या रस्त्यावर दुसऱ्या एका शाळेच्या जुन्या इमारतीत वर्ग भरत. बोटी भरभरून युरोपातून माणसं येत होती, त्यांच्या पोरांना सुतारकाम, लोहारकाम, यंत्रावरचं काम आलं की पोटापाण्याचं बघता येईल, असा साधा हिशोब होता. १९०७ मध्ये पूर्व १५व्या रस्त्यावर ३४५ नंबरला स्वतःची इमारत झाली. ती बांधणारे स्नायडर म्हणजे शहराच्या शेकडो शाळांचे वास्तुविशारद.

नाव पडलं पीटर स्टायव्हसंटवरून. न्यूयॉर्क डचांकडे होतं तेव्हाचा शेवटचा गव्हर्नर. त्याची शेतवाडी याच भागात होती आणि त्याचा एक पाय लाकडी होता. लाकडी पायाच्या माणसाचं नाव सुतारकामाच्या शाळेला द्यायचं, हा विनोद कुणी मुद्दाम केला नसावा. पण शाळेचे खेळाडू आजही स्वतःला 'पेगलेग' म्हणवतात, म्हणजे लाकडी पायवाले.

मग शाळेचं नाव झालं आणि गर्दी झाली. १९१९ पासून मार्क बघून प्रवेश द्यायला लागले, तरी पोरं मावेनात. म्हणून दोन पाळ्या. काही मुलं सकाळी, काही दुपारी, आपल्याकडे असायचं तसंच. हे १९५६ पर्यंत चाललं! १९३४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मदतीने प्रवेशपरीक्षा आली आणि रंधा मारायला शिकवणारी शाळा बघता बघता हुशार पोरांची शाळा झाली.

१९९२ मध्ये शाळा मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, हडसन नदीच्या काठी नव्या दहा मजली इमारतीत गेली. पत्ता: ३४५, चेंबर्स स्ट्रीट. नंबर तोच! आत सरकते जिने आहेत आणि एकेक जिना दोन दोन मजले पार करतो. म्हणजे मधल्या मजल्यावर वर्ग असेल तर पुढे जाऊन पायऱ्या उतरा. त्यातला निम्मा वेळ एखादा जिना बंद असतो. लेक म्हणायची, "पी.टी.चे मार्क यालाच द्यायला हवेत."

आता शिकवतात काय. दिवसाला दहा तास, प्रत्येक चाळीसेक मिनिटांचा. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र सगळ्यांना. संगणकाचं प्रोग्रॅमिंग सगळ्यांना, मग पुढे तुम्हाला कवी व्हायचं असेल तरी. एक सत्र संगीत ऐकायला शिकवतात आणि एक सत्र तांत्रिक आरेखन. भाषांमध्ये लॅटिनपासून मँडरिन, जपानीपर्यंत निवड आहे. यंत्रमानव बनवणारा मुलांचा संघ आहे, त्याचं नाव स्टायपल्स. १९१५ पासून निघणारं 'स्पेक्टेटर' नावाचं वर्तमानपत्र आहे, ते मुलंच चालवतात आणि त्यात मुख्याध्यापकांवर टीकाही छापतात. मी आमच्या शाळेच्या भित्तीपत्रकात 'पावसाळा' या विषयावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यातल्याही दोन बाईंनी खोडल्या होत्या.

आणि पोहणं. पोहता आल्याशिवाय इथून पास होऊन बाहेर पडता येत नाही. लेकीचे बाबा वाईचे, पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत शिकलेले. त्यांना वाटलं, वा, आता लेक माझ्यावर जाणार. लेक पहिल्या वर्षी तलावाच्या कडेला धरून उभी राहिली. पोहायला आली शेवटी, पण त्यात बाबांचा काही वाटा नाही.

सगळ्यात जास्त जीव कशात असेल तर 'सिंग'मध्ये. हे आपल्या गॅदरिंगचं चुलत भावंड. ब्रुकलिनच्या एका शाळेत १९४७ मध्ये सुरू झालं, तिथून शहरभर पसरलं. नाटक मुलांनीच लिहायचं, गाणी बसवायची, नेपथ्य रंगवायचं. पहिल्या दोन वर्षांची मुलं मिळून एक गट, तिसऱ्या वर्षाचा दुसरा, शेवटच्या वर्षाचा तिसरा, आणि तिघांत स्पर्धा. शेकडो मुलं यात असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेक ई ट्रेनने रात्री जॅक्सन हाइट्सला उतरायची तेव्हा नखांत निळा रंग असायचा. "अभ्यास कधी करतेस?" या प्रश्नाला उत्तर: "ट्रेनमध्ये."

परीक्षेबद्दल मुद्दाम लिहिलं नाही. त्यावरून भांडण होणार हे माहीत आहे, ते प्रतिसादांत होऊ दे.

---

एडिसनचा_बंड्या

मस्त लेख. भोचक प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, मुलगा सातवीत. त्याला ही परीक्षा देता येईल का? ट्रेनने पाऊण-एक तासात पोचतो म्हणून विचारतोय.

नांदुरकी

नाही हो. न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंपैकी, म्हणजे विभागांपैकी, कुठेतरी राहायला हवं. चुलत मावशीचा पत्ता द्यायचा विचार असेल तर तोही सोडा, कागदपत्रं तपासतात. आणि तुमच्या एडिसनमध्येच काउंटीची विज्ञान-गणिताची अकॅडमी आहे की. तिथे बघा.

एडिसनचा_बंड्या

मावशी नाही, मामेभाऊ होता मनात :) असो.

खडूस_मास्तर

लेख वाचला. शुद्धलेखन बरं आहे.

मी सातारा जिल्ह्यात तांत्रिक विद्यालय केंद्रात २६ वर्षं फिटिंग शिकवलं. अनेकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्याकडे आठवी ते दहावीला टेक्निकल घेता येत असे. आजूबाजूच्या चार शाळांची मुलं ठरलेल्या दिवशी केंद्रावर यायची. लोखंडाचा चौकोनी तुकडा पोलादी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळायचा आणि कानशीने घासून काटकोनात आणायचा. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घासा. वर्गात जी मुलं मान खाली घालून बसत, त्यांतली काही इथे राजासारखी उभी राहत. आणि पहिल्या पाचातली काही मुलं रडकुंडीला येत, कारण लोखंड पाठ करता येत नाही.

आमच्या केंद्राकडे समाज कसा बघायचा? 'टेक्निकलला घाला, गणिताला झेपत नाही.' म्हणून मला नांदुरकीताईंच्या लेखातली एक गोष्ट फार लागली. तुमच्या या शाळेची सुरुवात आमच्यासारखीच. मग ती हुशारांची झाली तेव्हा करवत-कानशीचं काय झालं? उरलं काही?

नांदुरकी

मास्तर, प्रश्न नेमका आहे. जे उरलं ते म्हणजे आरेखनाचं ते एक सत्र. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, २एच पेन्सिल. लेक घरी ड्रॉइंग शीट आणायची तेव्हा मला कळेचना की संगणकाच्या जमान्यात हे कशाला. शाळेचा इतिहास वाचल्यावर उलगडा झाला. आपल्या शेपटाच्या जागी माकडहाड उरलंय ना, तसं हे. करवत मात्र तिने हातात धरली नाही, सिंगच्या नेपथ्यासाठी धरली तेवढीच.

मुक्ताफळे

लेख सुंदर आहे, पण परीक्षेबद्दल कुणीतरी बोलायला हवं, तर मीच बोलते.

स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक या शाळांना प्रवेश फक्त एका परीक्षेवर मिळतो. शाळेतले मार्क नाहीत, शिक्षकांची शिफारस नाही, मुलाखत नाही. एक सकाळ. ही शहराची लहर नव्हे, १९७१ चा राज्याचा कायदा आहे, हेक्ट-कॅलँड्रा कायदा. या परीक्षा कुणावर अन्याय करतात का, याची चौकशी करण्याची भाषा तेव्हा सुरू झाली होती. ते होण्याआधीच ऑल्बनीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, कायदा करून टाकला. म्हणजे शहराला बदलायचं म्हटलं तरी हात बांधलेले.

परिणाम बघा. २०१९ मध्ये स्टायव्हसंटने ८९५ मुलांना जागा देऊ केल्या. त्यांत कृष्णवर्णीय मुलं ७. आठशे पंच्याण्णवमध्ये सात! शहराच्या शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं मिळून साधारण दोन तृतीयांश आहेत. ही सरकारी शाळा नक्की कुठल्या सरकारची?

शंकासुर

मुक्ताफळे, आकडा बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलात. त्याच शाळेत जवळजवळ निम्मी मुलं गरीब घरांतली आहेत. आशियाई मुलं ७० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यांतली सगळी काही आपल्यासारखी संगणकवाल्यांची नाहीत. रेस्टॉरंटमध्ये भांडी घासणाऱ्या, टॅक्सी चालवणाऱ्या, शिवणाच्या कारखान्यात बसणाऱ्या आईबापांची आहेत. त्यांना शिफारसपत्र कसं मिळवायचं, मुलाखतीत काय बोलायचं हे ठाऊक नसतं. परीक्षा ठाऊक असते. २०१८ मध्ये महापौर डि ब्लासिओंनी परीक्षाच काढून प्रत्येक माध्यमिक शाळेतली वरची ठरावीक टक्के मुलं घ्यायची योजना मांडली, तेव्हा रस्त्यावर उतरले ते हेच पालक. योजना ऑल्बनीत अडकली आणि मेली.

आपल्याकडेही मुलाखत घेऊन केजीत प्रवेश देत तेव्हा काय व्हायचं ते आठवा. बापाची गाडी कुठली, हे बघून पोराची हुशारी ठरायची.

मुक्ताफळे

मग परीक्षेच्या तयारीला घालतात ते पैसे कुठून येतात? शहराच्या फ्लशिंग भागात एकेका रस्त्यावर किती क्लासेस आहेत ते बघून या. हुशारी मोजत नाहीयेत, तयारी मोजतायत.

शंकासुर

तयारी मोजणं वाईट का? अडाणी प्रश्न आहे, पण खरंच विचारतोय.

नांदुरकी

इथे मला बोलावं लागेल, कारण मी सोवळी नाही.

लेक सहावी संपवत होती तेव्हापासून आम्ही तिला क्लासला घातलं. दीड वर्षं, शनिवार-रविवार. नाव नको. त्या क्लासच्या बाईंनी पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला वाचनाची आवड आहे ती सध्या कमी करा." का, तर गोष्टीत रमणारी मुलं उताऱ्यावरच्या प्रश्नांना वेळ लावतात. मी मुकाट मान हलवली आणि लायब्ररीचं कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. हे मला आजही आठवतं आणि आजही वाईट वाटतं.

परीक्षा अशी होती तिच्या वेळी: ११४ प्रश्न, तीन तास. निम्मे इंग्रजीचे, निम्मे गणिताचे. चुकीला उणे गुण नाहीत. शहरभरातून पंचवीसेक हजार आठवीतली मुलं बसतात. या परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या आठ शाळा मिळून चारेक हजार जागा. मुलांनी आधीच पसंतीक्रम दिलेला असतो. मग गुणांप्रमाणे सगळ्यांची एकच यादी, वरून खाली यायचं. जिथे स्टायच्या जागा संपल्या ती तिची कट-ऑफ. ती सगळ्यांत वर असते. एका गुणाने हुकलेली मुलं आमच्या इमारतीत दोन आहेत. त्यांतला एक ब्रुकलिन टेकला गेला आणि आता छान चाललंय त्याचं. दुसऱ्याच्या आईने सहा महिने माझ्याशी लिफ्टमध्ये बोलणं टाकलं होतं.

फुकट तयारीची सोयही आहे, तेही सांगते. शहराचा 'ड्रीम' म्हणून कार्यक्रम आहे गरीब मुलांसाठी. आणि कट-ऑफच्या जरा खाली राहिलेल्या गरजू मुलांना उन्हाळी वर्ग करून आत घ्यायची 'डिस्कव्हरी' नावाची वाट त्याच १९७१ च्या कायद्यात ठेवलेली आहे. पण स्टायमध्ये त्या वाटेने येणारी मुलं कितीशी.

तेव्हा मुक्ताफळे, तुमचं बरोबर आहे. शंकासुर, तुमचंही. मी दोन्ही बाजूंनी जेवलेली आहे.

गुलबकावली

मुलींना कधी घ्यायला लागले ते राहिलं ना! आमच्या पुण्यात हुजूरपागा १८८४ ची. उगाच टिमकी वाजवतेय :)

नांदुरकी

अगं हो, तेच मुख्य राहिलं. १९६९! अॅलिस डी रिव्हेरा नावाची तेरा वर्षांची मुलगी. गणितात हुशार, ब्रुकलिनमध्ये राहणारी. मुलगी म्हणून तिला परीक्षेलाच बसता येत नव्हतं. तिने शिक्षण मंडळावर खटला भरला आणि मंडळाला नमतं घ्यावं लागलं. त्या सप्टेंबरमध्ये डझनभर मुली आत आल्या. शाळेत हजारो मुलगे. पण गंमत बघ, त्यांत अॅलिस नव्हती. तिच्या घरचे तोवर शहर सोडून गेले होते. शाळेने तिला मानद डिप्लोमा दिला तो थेट २०१३ मध्ये. पुढे ती डॉक्टर झाली.

आणि टिमकीबद्दल: न्यूयॉर्कमध्येही मुलींची हंटर शाळा १८६९ ची आहे, म्हणजे हुजूरपागेच्या आधीची. तिथे उलटं, मुलग्यांना १९७४ पर्यंत प्रवेश नव्हता. ब्रॉन्क्स सायन्सने मात्र १९४६ मध्येच मुली घेतल्या होत्या. अडून बसली ती सुतारकामवाली.

गुलबकावली

टिमकी मागे घेतली.

सोनचाफा७२

उशिरा आले. या शाळेचं नाव वाचलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

माझा धाकटा दीर २००१ मध्ये तिथे दहावीत होता. शाळा आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्यात चारच रस्ते. त्या सकाळी वर्गाच्या खिडकीतून त्यांना सगळं दिसलं. मुलांना बाहेर काढलं आणि नदीकाठच्या रस्त्याने उत्तरेकडे चालायला सांगितलं. फोन लागत नव्हते. सासूबाई क्वीन्समध्ये दारात बसून होत्या. तो संध्याकाळी पूल चालत ओलांडून घरी आला. काय झालं ते सांगायच्या आधी त्याने एवढंच विचारलं, "उद्या शाळा आहे का?"

शाळेची इमारत मदतकार्यासाठी घेतली. मुलांना ब्रुकलिन टेकमध्ये पाठवलं. सकाळी तिथली मुलं, दुपारी स्टायची. नांदुरकीने दोन पाळ्यांचं लिहिलंय ना, ते वाचून अंगावर काटा आला. पंचेचाळीस वर्षांनी परत दुपारची पाळी. ९ ऑक्टोबरला मुलं आपल्या इमारतीत परतली. ढिगारे अजून धुमसत होते, हवेला वास होता, आणि हवा तपासली की नाही यावरून पालकांच्या सभांमध्ये आवाज चढायचे. शाळेचे नऊ माजी विद्यार्थी त्या दिवशी गेले. 'स्पेक्टेटर'च्या मुलांनी त्यावर खास अंक काढला आणि तो नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सबरोबर वाटला गेला. दिराने ती प्रत ठेवली आहे. कुणाला हात लावू देत नाही.

शंकासुर

__/\__

मुक्ताफळे

वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

पोटोबा

विषय बदलतो, माफ करा. चारच नोबेल का? आमच्या ऑफिसातला ब्रॉन्क्स सायन्सवाला कायम 'आमची जास्त' म्हणून ऐकवतो.

नांदुरकी

तो खरं बोलतो. त्यांची जास्त आहेत. स्टायवाल्यांनी यावर बोलायचं टाळायचं आणि जॅझवाल्या थेलोनियस मंकचं नाव घ्यायचं. तो शाळा अर्धवट सोडून गेला होता, हे मात्र सांगायचं नाही.

एडिसनचा_बंड्या

आणि २०१२ ची ती कॉपी? राज्याच्या परीक्षेत मोबाइलवरून उत्तरं फिरवली होती, सत्तरेक मुलं सापडली होती म्हणे.

नांदुरकी

हो, झालं होतं. मुख्याध्यापकांनीही त्याच उन्हाळ्यात पद सोडलं. ज्या परीक्षेत ही मुलं झोपेतही पास झाली असती, तिथे कॉपी! तेव्हा लोक म्हणाले, मुलं बिघडली. मला वाटतं, चौदाव्या वर्षापर्यंत ज्यांना एका आकड्यासाठी जुंपलं, त्यांना आकडा सोडून दुसरं काही दिसत नाही. लेकीच्या वर्गातली मुलं ओळख झाली की दुसऱ्या वाक्याला एकमेकांची सरासरी विचारायची. दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांसकट.

खडूस_मास्तर

अवांतर पुरे. ताई, ती आरेखनाची शीट अजून आहे का घरी? फोटो टाकता येईल का?

नांदुरकी

कपाटावर गुंडाळी सापडली. हा घ्या फोटो. लोखंडी ब्रॅकेटची समोरची, वरची आणि बाजूची दृश्यं, शिवाय आयसोमेट्रिक, म्हणजे तिन्ही बाजू एकदम दाखवणारं दृश्य. कोपऱ्यातला डाग चहाचा आहे, माझ्याकडून पडला.

खडूस_मास्तर

पाहिली. रेषा स्वच्छ आहेत, पेन्सिल फिरवत ओढलेली दिसते, त्यामुळे जाडी सारखी आली आहे. हे आमच्या पोरांना वर्षभर सांगूनही जमत नसे. अदृश्य कडांच्या तुटक रेषा वरच्या दृश्यात दोन ठिकाणी काढायच्या राहून गेल्या आहेत. मापांचे बाण फार मोठे. आम्ही भारतात ज्या बाजूला दृश्यं मांडतो त्याच्या उलट मांडणी आहे, पण ती अमेरिकेची रीत, त्याचे मार्क कापत नाही.

१० पैकी ७. चहाचा अर्धा कापला असता, पण तो तिचा नाही.

नांदुरकी

लेकीला दाखवलं. ती विचारते आहे, "तुटक रेषा नक्की कुठल्या दोन?"